कंपनीचा रेडिओ

"शेठ, पेचकस नंतर. आधी कान," असं म्हणून नत्थूजीनं माझ्या फियाटचं मागचं दार उघडलं आणि तो आत डोळे मिटून बसला.

वर्ध्याच्या बाजारामागं नत्थूजीचं दुकान होतं. मोटारींचं वायरिंग आणि मोटारींतले रेडिओ, दोन्ही तोच बघायचा. मी तळेगावहून एवढी गाडी हाकत आलो होतो ते त्याला एकच सांगायला, की डॅशबोर्डातला हा कंपनीचा रेडिओ उपट आणि त्या जागी कॅसेटचा जपानी डेक बसव. काम दोन तासांचं. पण नत्थूजीची एक रीत होती. गाडीतल्या प्रत्येक जागेवर बसून रेडिओ ऐकल्याशिवाय तो एक स्क्रू ढिला करत नसे. घाईच्या गिऱ्हाइकाला तो सरळ दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवायचा.

मला घाई नव्हती. तळेगावात माझं कापडाचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाशी बोलून जे उरतं ते सगळं मी गाडीत सुमित्राशी बोलतो. सुमित्रा म्हणजे आमच्या सौभाग्यवती. चार वर्षांपूर्वी, म्हणजे ऐंशी साली, अमरावतीच्या एका डॉक्टरांकडून ही फियाट घेतली तेव्हापासून माल आणायला जाताना ती शेजारी असतेच. मी बोलायचं, तिनं खिडकीबाहेरच्या कपाशीच्या पराट्या बघत "हं" म्हणायचं. अशी श्रोती मिळायला भाग्य लागतं, असं मी चारचौघांत सांगत असे.

गेल्या वर्षापासून मात्र तिनं रेडिओबद्दल कुरकुर सुरू केली होती. याचा आवाज बसला, गाणं कोणतं तेच समजत नाही. मला तर स्वच्छ ऐकू यायचं. मी बटण पिळून आवाज एवढा वाढवायचा की पुलावरची बकरी बुजावी, तरी तिचं आपलं तेच. शेवटी आमचे धान्यवाले मित्र ताराचंद म्हणाले, कंपनीचं ते डबडं काढून फेका, जपानी माल बसवा, वहिनी खूश होतील. गंमत म्हणजे सुमित्रालाच ते नको होतं. नवा आणून काही होणार नाही, आहे तो राहू द्या, म्हणाली. मला वाटलं, बाईमाणूस काटकसर करते आहे.

तिच्या कानांची शंका मला आली नव्हती असं नाही. पण श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण झाला. रिवाजाप्रमाणे ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. पोथी चालू असताना मी ओठ न हलवता पुटपुटलो की गुरुजींनी एक अख्खा अध्याय गिळला. त्यावर तिला हसू आवरेना, पदर तोंडाला लावून बसली. एवढी कुजबुज जे कान टिपतात त्यांना काय धाड भरली आहे? म्हणजे दोष रेडिओचाच, असा मी निकाल देऊन टाकला.

नत्थूजीचं चारही जागांवर बसून झालं. मग त्यानं माझ्याबरोबर आलेल्या सुमित्राला तिच्या नेहमीच्या जागेवर बसवलं, म्हणजे पुढं डावीकडं. रेडिओचा एकुलता स्पीकर डॅशबोर्डाच्या मधोमध. त्यानं मला स्टेअरिंगवर बसून इंजिन चालू ठेवायला सांगितलं, आवाज बेताचा ठेवला आणि विचारलं, काय लागलं आहे? सुमित्रानं आधी रेडिओकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "काई समजत नाई," ती म्हणाली.

"पाह्यलं?" मी म्हणालो. पण नत्थूजीचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. त्यानं मला खाली उतरायला सांगितलं आणि तिला म्हणाला, "बाई, तुमी जरा स्टेअरिंगवर बसा."

चार वर्षांत ती त्या जागेवर एकदाही बसली नव्हती. पदर सावरत ती सरकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून, चाकाला स्पर्शही न करता बसली. नत्थूजीनं आवाज आणखी कमी केला. मला बाहेरून नुसती गुणगुण ऐकू येत होती.

"बोंडअळीचं सांगून राह्यले," सुमित्रा लगेच म्हणाली. "फवारनी सकाळच्यानं करा म्हनते."

ती बोलून गेली खरी. तिनं माझ्याकडं बघितलं. नत्थूजी खाली वाकून कसलीशी वायर तपासू लागला, जी तपासायची काही गरज नव्हती.

मला समजायला तेवढंच पुरे झालं. गाडीत रेडिओ आणि मी, दोघंही तिच्या उजव्या बाजूला. पूजेला मात्र मी डाव्या बाजूला. तिचा उजवा कान गेला होता. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा माझा कारभार.

"कंपनीचा रेडिओ काढू नका शेठ," नत्थूजी म्हणाला. "चांगला हाय. मी बाईच्या अंगानं, डाव्या दारात, एक जास्तीचा स्पीकर देतो बसवून." बाईंसमोर तो याहून एक अक्षर जास्त बोलला नाही. त्याबद्दल मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे.

तो काम करत होता तोवर आम्ही बाकावर चहा घेत बसलो. या खेपेला मी तिच्या डावीकडं बसलो.

"कवापासून?" मी विचारलं.

"तीनक वर्सं झाले असतीन."

"सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तुमी गाडीत बोलनं सोडलं असतं," ती बशीत चहा ओतत म्हणाली. "अर्धंमुर्धं येते ना ऐकू. तेवढं पुरते मले."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण लगेच मी मनाशी हिशेब केला. तीन वर्षं, आणि मी तर दोनच वर्षांपूर्वी याच रस्त्यावर तिच्यापाशी मन मोकळं केलं होतं.

त्याचं असं झालं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, लग्नाला दोन वर्षं झाली होती, सुमित्रा मॅट्रिक पास होती. मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, सुलोचनाबाई, दुकानात आल्या. त्यांना शिक्षिका हवी होती आणि सुमित्राचं नाव त्यांनी जवळपास पक्कं केलं होतं. मी घरात विचारून सांगतो म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी न विचारताच कळवलं की तिची इच्छा नाही. आपली बायको नोकरीला जाते हे लोकांनी म्हणू नये, एवढंच कारण. अठरा वर्षं ते मनात ठेवून शेवटी एकदा गाडी चालवता चालवता, तिच्याकडं न बघता मी सगळं सांगून टाकलं होतं. ती नेहमीप्रमाणे "हं" म्हणाली होती. मी सुटलो असं मला वाटलं. दोन वर्षं मी निर्धास्त झोपत होतो.

स्पीकर बसला. परतताना सुमित्राच्या कोपराशी दारातून गाणं निघत होतं आणि ती बोटानं ताल धरत होती. "आता बरा बोलते रेडिओ," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून माझ्या जिवाला खरंच फार समाधान वाटलं. पण रोहणा गावाच्या अलीकडं माझा धीर संपला. मी गाडी कडेला घेतली, रेडिओ बंद केला, खाली उतरलो आणि वळसा घालून तिच्या खिडकीशी जाऊन उभा राहिलो, वाटसरू रस्ता विचारायला उभा राहतो तसा.

"काय झालं? पंक्चर हाय काय?"

"नाई." मी सुलोचनाबाईंचं सगळं पहिल्यापासून सांगितलं. या वेळी तिच्याकडं बघून सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मले माहीत हाय. त्याच आठवड्यात बाई भेटल्या होत्या मले बाजारात. म्हने, काऊन नाई म्हटलं तू नोकरीले?"

"मग?"

"मग काय? म्हटलं, हो बाई, मलेच नाई जमत." तिनं खिडकीच्या काठावरची धूळ बोटानं पुसली. "नवऱ्यानं विचारलंच नाई, हे कसं सांगू लोकाईले?"

"मले बोलली काऊन नाई येवढे दिवस?"

"तुमी सांगसान म्हनून वाट पाहून राह्यली होती."

एक बैलगाडी आमच्याजवळून गेली, गाडीवानानं मान वळवून पाहिलं. सुमित्रा म्हणाली, "चाला, बसा आता. लोकं पाहून राह्यले."

मी माझ्या जागेवर येऊन गाडी चालू केली. रेडिओ तिनंही लावला नाही, मीही लावला नाही. तळेगाव येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. तीच बोलत होती. वर्गात पहिल्या दिवशी मुलींना काय काय शिकवायचं ते तिनं बाई बाजारात भेटल्या त्या रात्री मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं, ते ती मला सांगत होती.