समाप्तनंतरची चार मिनिटं

"बंद मत कर," असं म्हणत खलीलभाई खुर्चीवरून उठले. "मेहविश, मागे घे जरा. ती सलिमा आहे."

भिंतीवरच्या व्हिडिओत त्या वेळी काहीच नव्हतं. निदान मेहविशच्या मते तरी नव्हतं. जुन्या टीव्हीवर यायच्या तशा राखाडी मुंग्या होत्या, आडव्या पांढऱ्या रेघा होत्या आणि मधोमध एक तपकिरी डाग होता, तो मधूनच लांबायचा आणि मधूनच आखडायचा. प्रदर्शनाच्या दालनात सात-आठ माणसं होती. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला अंधारात भास झाला. मेहविशलाही आधी तसंच वाटलं. मग तिने वडिलांचा चेहरा पाहिला आणि ती व्हीसीआरकडे वळली.

सलिमा म्हणजे मेहविशची आई. मेहविश अडीच वर्षांची असताना ती काविळीने गेली. घरात तिचा एकच फोटो होता, पासपोर्ट साइजचा, कुठल्याशा फॉर्मवरून सोडवून घेतलेला. अर्धा गोल शिक्का गालावर तसाच. आई चालायची कशी, हसताना तोंडावर हात धरायची की नाही, आवाज बारीक होता की भरदार, हे मेहविशने मावश्यांना इतक्यांदा विचारलं होतं की आता त्या प्रत्येक वेळी वेगळं सांगायच्या. नाशिकच्या भद्रकालीत वीस वर्षं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान चालवणाऱ्या माणसाच्या बायकोचं हलतं चित्र एकही नसावं, याचा तिला लहानपणापासून राग होता. सोनाराच्या बायकोच्या हाती पितळी बांगड्या, अशातली गत.

आता मेहविश करते काय, ते सांगायला हवं, कारण तिच्या मोहल्ल्यात आजवर ते कोणालाही धड सांगता आलेलं नाही. पोटासाठी ती इतरांची लग्नं एडिट करते. उरलेल्या वेळात ती व्हिडिओच करते, पण त्यात गोष्ट नसते, गाणं नसतं आणि पुष्कळदा माणूसही नसतो. एकदा तिने वडाळा नाक्यावरच्या सिग्नलचा फक्त लाल दिवा सहा तास टिपला होता. खलीलभाईंनी तेव्हा विचारलं होतं, "हिरवा झाल्यावर काय केलंस?" ती म्हणाली, कॅमेरा बंद केला. त्यानंतर त्यांनी तिच्या कामाबद्दल विचारायचं सोडलं.

आठ वर्षांपूर्वी दुकान कायमचं बंद झालं, तेव्हा माळ्यावरच्या तीनशे कॅसेट तिने मागितल्या. "घेऊन जा," ते म्हणाले. त्यातल्याच एका कॅसेटवर तिने 'बासष्ट' नावाचं काम केलं. त्या कॅसेटवर खलीलभाईंच्या हातचं लेबल होतं: 'नाथा, सिन्नर, मास्टर'. नाथा नावाच्या गिऱ्हाइकाच्या लग्नाची ही मूळ कॅसेट, जिच्यावरून त्याला प्रत उतरवून दिली होती. कामाची रीत अशी, की तिने ती कॅसेट एका कोऱ्या कॅसेटवर उतरवली. मग त्या नकलेची नक्कल मूळ कॅसेटवर. तिची पुन्हा दुसरीवर. दोनच कॅसेट, दोन जुने व्हीसीआर, बासष्ट वेळा. प्रत्येक वेळी चित्र थोडं विरत जातं, आवाज घोगरा होतो. अक्षता टाकणारे हात बाविसाव्या नकलेत धूर झाले होते आणि पन्नासाव्या नकलेत नवरी कोण नि खांब कोण हे कळेनासं झालं होतं. डिजिटल प्रत कुठेच ठेवायची नाही, हा तिचा नियम. परत फिरायची वाट ठेवली तर गमावण्याला अर्थ काय, असं ती मुलाखतीत म्हणाली होती. वाक्य चांगलं होतं. लोकांनी ते पुढे पाठवलंही होतं.

कामाचं नाव झालं. मुंबईहून आलेल्या एक बाई म्हणाल्या, लग्न संपल्यावर 'समाप्त' ही पाटी येते, तिच्यानंतरची चार मिनिटं सगळ्यात सुंदर आहेत, कारण तिथे काहीच उरत नाही. मेहविशला ते पटलं. त्या चार मिनिटांत मुळात काय होतं, हे तिने पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी कॅसेट नुसती बघताना पाठवणी झाली, 'समाप्त' अक्षरं आली आणि तिने स्टॉपचं बटण दाबलं. लग्नाची कॅसेट समाप्तच्या पुढे बघतं कोण? पुढे नकला मशीनवर लावून ती आपली एडिटिंगची कामं करत बसायची.

आणि आज प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, पुष्कळ विनवण्या केल्यावर, अब्बा पहिल्यांदा तिचं काम बघायला आले होते.

"लावलीस का मागे?" खलीलभाई भिंतीजवळ गेले होते. त्यांची सावलीच डागावर पडत होती. चेहरा असा उजळला होता की तिने तो तसा आयुष्यात पाहिला नव्हता. "हीच ती. नाथाच्या कॅसेटच्या शेवटाला मी तिचं शूटिंग केलं होतं. तुझ्या दादीला चालायचं नाही. म्हणायची, दुसऱ्यांच्या बायकांचे काढतोस ते काढ, घरच्या सुनेला पडद्यावर आणायचं नाही. म्हणून मग सिन्नरच्या हिंदू लग्नाच्या मागे लपवलं. तिथे कोण बघणार होतं?" ते हसले. "तुझ्या निकाहला देणार होतो. तू निकाह करायचं नावच घेईनास."

मेहविशला सगळं कळलं होतं आणि त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं. ती दोन-तीन मिनिटं तिच्या आयुष्यातली सर्वांत वाईट होती.

"चित्र किती खराब येतंय गं," ते म्हणाले. "व्हीसीआरच्या हेडला मळ बसलाय. स्पिरिट आहे का इथे? पांढरं फडकं दे, मी साफ करतो." आणि सत्तरीतला तो माणूस खरोखरच व्हीसीआरपाशी गुडघे टेकून खाली बसला, बाह्या सरसावून.

"अब्बा, हेड साफ आहे."

"मग ओरिजिनल लाव."

"हीच ओरिजिनल आहे."

त्यांनी कॅसेट बाहेर काढली, चष्मा कपाळावर सारला आणि लेबल वाचलं. अक्षर त्यांचंच होतं. मग त्यांचा अंगठा सवयीने कॅसेटच्या कडेवर गेला. ज्यांनी कॅसेट वापरल्यात त्यांना ठाऊक असेल, तिथे प्लास्टिकची एक इवलीशी पट्टी असते. ती तोडली की कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड होत नाही; खाच बुजवली तरच होतं. खलीलभाईंनी ती स्वतः तोडलेली होती. आता त्या खाचेवर सेलोटेप होता, नीट कापून, बुडबुडा न राहू देता लावलेला.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"मास्टरवर?" त्यांचा आवाज अगदी हळू झाला. "मास्टरवर रेकॉर्ड केलंस तू?"

तिने सांगितलं. बासष्ट वेळा, दोन कॅसेट, कुठेही प्रत नाही. हेच ती आठवडाभर लोकांना अभिमानाने सांगत होती. आता प्रत्येक शब्द तिलाच चपराकीसारखा लागत होता. खलीलभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मला वाटलं होतं, माझ्याकडे शिकलीस, एवढं तर तुला माहीत असेलच. म्हणून तर दिल्या तुला. इतर कोणाला मी हातसुद्धा लावू दिला नसता."

तिथल्या पाहुण्यांपैकी एका तरुणाने हे सगळं कामाचाच भाग समजून टाळ्या वाजवल्या. मेहविशने त्याला बाहेर जायला सांगितलं. कसं सांगितलं ते लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सिन्नरच्या पुढे नाथाच्या वस्तीवर गेले. आशा वेडी असते. गिऱ्हाइकाला दिलेली प्रत खलीलभाईंनीच उतरवली होती, आणि उतरवताना आपण 'समाप्त'ला मशीन थांबवलं की ते चालू सोडून चहाला गेलो, हे त्यांना काही केल्या आठवेना. चहाला गेलो असेन, असंच ते गाडीत सारखं म्हणत होते. "मी चहाला फार जायचो तेव्हा. सलिमा त्यावरून भांडायची." मेहविश गाडी चालवत होती आणि या जगात त्या दिवशी दुकानाखाली चहावाला आलेला असू दे, एवढंच मागत होती.

नाथाने त्यांना लांबूनच ओळखलं. "या या, खलीलभाऊ! लय वर्सांनी. नवरदेवाला, म्हंजी मला, फेटा नीट बांधता येत नाय म्हणून तुमीच बांधला व्हता, ध्यानात हाय का?" त्याची बायको मैना आतून कॅसेट घेऊन आली. लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवली होती तिने, वर डांबरगोळ्या घालून. मेहविशने सोबत आणलेला व्हीसीआर टीव्हीला जोडला.

चित्र लागलं आणि मेहविश चरकली. तिने हे लग्न शेकडो तास हाताळलं होतं. त्यात एवढे रंग होते, हे ती विसरून गेली होती. बाशिंग पिवळं होतं. मैनाच्या कपाळावरचा मळवट पाक भुवयांपर्यंत आला होता.

"ही माझी आई," पडद्यावरच्या एका लुगड्याकडे बोट दाखवत मैना म्हणाली. "तुमच्याकडं मोठी कॅसेट हाय ना? तिच्यात आई लय वेळ दिसती म्हणं. ह्यात काटलंय थोडं."

खलीलभाईंनी मान खाली घातली. मेहविशला वाटलं, खोटं बोलावं. पण तेवढं धाडस उरलं नव्हतं. "ती मी पुसली, मावशी," ती म्हणाली.

"पुसली? का गं बाई?"

या प्रश्नाचं उत्तर मेहविशने तीन शहरांत दिलं होतं, एकदा तर परदेशी पाहुण्यांसमोर. मैनासमोर ती व्हीसीआरची वायर चाचपत बसली. मैना तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, खुळ्या माणसाकडे बघावं तशी.

पाठवणी झाली. मैनाने पदर डोळ्यांना लावला. 'समाप्त' अक्षरं आली.

मग पडदा निळा झाला, कोऱ्या टेपवर होतो तसा. मेहविशने कॅसेट शेवटापर्यंत पुढे नेली. निळंच.

"चहाला नव्हतो गेलो," खलीलभाई म्हणाले.

परतताना नाशिकरोडचा पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "घरी नको. तुझ्या त्या हॉलवर चल." दुपारचे चार वाजले होते, दालनात कोणी नव्हतं. "शेवटचा भाग लाव," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून अगदी भिंतीसमोर बसले. "दुकानातला व्हीसीआर बिघडेपर्यंत दर ईदला मी ते बघायचो. दुकानाचं शटर आतून ओढून. मला पाठ आहे. बस इथे."

डाग उमटला. मुंग्या सळसळल्या.

"आत्ता ती स्टोव्हला पंप मारतेय," खलीलभाई म्हणाले. "तिची पाठ आहे आपल्याकडे. हिरवी सलवार-कमीज. आता वळेल... वळली. मला बघून ओढणी डोक्यावर ओढली. चिडलीय. हात करून सांगतेय, जा म्हणून." डाग उजवीकडून, म्हणजे समोर तोंड केलेल्या बाईच्या डाव्या हाताच्या बाजूने, लांबला. मेहविशने हा लांबणारा डाग कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर छापला होता.

"डावरी होती?" तिने विचारलं.

"हो. तुला माहीत नव्हतं?"

तिला माहीत नव्हतं. ती स्वतः डावरी होती, आणि दादीने त्यापायी तिच्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या. तिला एकदम रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. खलीलभाई थांबले नाहीत. चित्र थांबत नव्हतं ना. "आता खाली वाकली. हे तू. खाटेखालून निघालीस. उचललं तिने. बघ, कडेवर बसवलं. तू तिची नथ ओढतेस. ती ओरडते आणि हसते. दात दिसतात. पुढचा एक दात थोडा तिरका."

डाग खरंच आता दोन झाला होता, एक मोठा, एक लहान. मेहविश डोळे फाडून बघत होती. वडील बोलत होते तोवर त्या मुंग्यांत तिला खरोखर एक बाई दिसत होती; हिरवी, चिडकी, तिरक्या दाताची. ती आयुष्यात पहिल्यांदा आईला बघत होती, आणि तिला वाटलं, एवढं तरी मिळालं. हे मी कागदावर उतरवीन, एकेक सेकंद, अब्बांकडून शंभर वेळा वदवून घेईन.

स्पीकरमधून घोगरा, लांबलचक हुंकार आला.

"हा तिचा आवाज," खलीलभाई म्हणाले. "इथे ती कॅमेऱ्याजवळ येते. तुझा हात धरून माझ्याकडे करते. तुझं नाव घेते. मेहविश, म्हणते, आणि मग तुला काहीतरी सांगते. माझ्याकडे बोट दाखवून. आणि तू खूप हसतेस."

"काय सांगते?"

खलीलभाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. त्यांनी डोळे मिटले, कपाळावर मूठ दाबली, मग डोळे उघडून भिंतीकडे पाहिलं, जणू पुढचा शब्द तिथेच लिहिलेला असणार. तिथे हुंकार संपला होता. चार मिनिटं संपली होती.

"अब्बा, काय सांगते?"

"टेपमध्ये होतं ना बेटा," ते घाबरून म्हणाले. "म्हणून लक्षात ठेवलं नाही."