ससा शिजेपर्यंत

मी कढई बोलतेय. बाजारातली नाही, माझा जन्म कतारमधल्या दुखानच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. जाड पाइपाचं तोंड बंद करायचं एक खोलगट गोल टोपण मापात चुकलं म्हणून भंगारात पडलं होतं. पारनेरकडच्या रंगनाथने ते फोरमनला विचारून उचललं, कडा ग्राइंडरने घासल्या, दोन बाजूंना कान वेल्ड केले आणि तेल-कांदा जाळून मला काळीभोर केलं.

त्याच्या खोलीत म्हसळ्याचा उमैर राहायचा. तो कंपनीची गाडी चालवायचा. हिवाळ्यातल्या शुक्रवारी दोघं मला घेऊन वाळवंटात जात, तीन दगड मांडत आणि कोंबडी शिजवत.

एका शुक्रवारी वाटेत एका म्हाताऱ्या कतरी माणसाची गाडी वाळूत रुतलेली दिसली. त्याच्याजवळ शिकारी बहिरी ससाणा होता. दोघांनी दोर लावून गाडी ओढून काढली. म्हाताऱ्याने ससाण्याने धरलेला आणि स्वतः बिस्मिल्ला म्हणून कापलेला एक ससा उमैरच्या हातात दिला. "तुमच्या गावासारखा करा. मगरिबची नमाज झाली की जेवायला येतो," असं मोडक्या हिंदीत सांगून तो गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

रंगनाथने तिथेच ससा मागच्या पायांनी गाडीला टांगला. पायाशी चीर दिली आणि बनियन उतरवावी तसं कातडं खाली ओढलं. पित्ताची पिशवी त्याने श्वास रोखून काढली. ती फुटली तर सगळं मटण कडू. सांध्या-सांध्यात तुकडे केले, मीठ-हळद चोळली. रानातल्या सशाला चरबी नसते, म्हणून माझ्यात तेल सढळ ओतलं. निखाऱ्यावर कांदा-खोबरं भाजून दगडाने वाटलं. मटण परतून झालं, आधणाचं पाणी पडलं, आणि माझ्या पोटात रटरट सुरू झाली.

तेवढ्यात लांबवर धूळ उठली. शिकारीवर लक्ष ठेवणाऱ्यांची जीप होती.

उमैरचा चेहरा उतरला. पुढच्या आठवड्यात तो मुलीच्या, अफशांच्या निकाहाला गावी निघणार होता. "रंगाभाऊ, आपल्याकडं ना ससाणा, ना परवाना. केस झाली तर मला देश सोडू देणार नाहीत. वाळूत पुरून टाकू." त्याने मला नुसत्या हातांनी धरलं. तळवे चरचरले, तरी तो सोडेना.

"ठेव खाली," रंगनाथ म्हणाला. "पुरलं की आपण चोर झालो. आत्ता नाही आहोत."

उमैरने मला दगडांवर टेकवलं. जीप थांबली.

तरुण अधिकारी उतरला. ससा कुणी मारला, एवढंच त्याने विचारलं. उमैरने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं नाव मात्र सांगता येईना. अधिकाऱ्याने दोघांची ओळखपत्रं खिशात टाकली आणि कातडं उजेडात धरून पाहिलं. मग पळी घेऊन त्याने माझ्यातला एकेक तुकडा वर काढला. तो बंदुकीचे छर्रे शोधत होता. मिळाले नाहीत. तरी तो जाईना.

"नाव लिहायचं तर माझं लिहा," रंगनाथ म्हणाला. "चूल माझी, कढई माझी. हा नुसता ड्रायव्हर आहे."

"खोटं कशाला बोलतोस?" उमैर म्हणाला. "ससा माझ्या हातात दिला त्याने."

अधिकारी जीपला टेकून उभा राहिला. "थांबू या," म्हणाला.

ऊन उतरलं. सूर्य बुडाला. उमैरने वाळूवरच मगरिबची नमाज पढली. रंगनाथ गरम पाण्याची धार सोडत राहिला, कारण रस्सा आटून मी करपले असते तर म्हाताऱ्याला काय वाढणार? तो येईल असं त्याने धरूनच ठेवलं होतं. मला मात्र भरवसा वाटत नव्हता.

अंधारून यायच्या बेतात गाडीचे दिवे दिसले. म्हातारा ससाणा मनगटावर घेऊन उतरला, जीप बघून चपापला, आणि खिशातून परवाना काढत अधिकाऱ्याशी अरबीत बराच वेळ बोलला. शेवटी "खलास" म्हणत अधिकाऱ्याने ओळखपत्रं परत दिली. "पाहुण्याचं नाव विचारत जा," असं उमैरला सांगून तो जायला वळला, पण म्हाताऱ्याने त्याला हाताला धरून खाली बसवलं. चौघं माझ्याभोवती बसले. रस्सा तिखट होता. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो तुकडे मागून घेत होता.

निकाह वेळेवर झाला.

पुढे रंगनाथचा करार संपला. मी त्याच्या बॅगेला जड होते, म्हणून उमैरकडे राहिले. आता उमैर दोह्यात मुशैरिबला नोकरी करतो, त्याची बायको मैमुनाही आली आहे. घरात सपाट काचेची शेगडी आहे. माझं गोल बूड तिच्यावर डुगडुगतं. मी बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे असते. एका कानाला गंज धरलाय. फोनवर रंगनाथ विचारतो, "तिला तेल लावतोस ना?" उमैर हो म्हणतो आणि विषय बदलतो.

उमैर, थंडी पडली आहे, उद्या शुक्रवार. रंगनाथ नाही म्हणून चूल मांडायला तुझं मन होत नाही, हे कळतं मला. मैमुनाला बरोबर घे. कोंबडीच कर. मीठ कमी-जास्त होईल, होऊ दे. तिला एकदा रस्सा वाढून तर बघ.