सुनेच्या कानावर घातलेली गोष्ट

सासरे चाळीस वर्षं दर आठवड्याला प्रार्थनाघरात बोलायचे आणि त्यांना ऐकायला लांबून माणसं यायची. सून मात्र देव मानत नव्हती. लग्नाआधीच तिने तसं सांगून टाकलं होतं. सासूने नाक मुरडलं. सासरे मात्र हसून म्हणाले, घरात एक तरी माणूस तोंडावर खरं बोलणारं असू दे.

ती दवाखान्यात कान तपासायची. काचेच्या बंद खोलीत पेशंटला बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि आवाज आला की बटण दाबायला सांगायचं. सासऱ्यांना हल्ली कमी ऐकू येत होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत शेवटी एका सकाळी ते तिच्याकडे आले.

आठ-दहा आवाज झाल्यावर तिने नेहमीसारखं यंत्र गप्प ठेवलं. अंदाजपंचे बटण दाबणारे तिथे सापडतात. सासऱ्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. डोळे मिटलेले, मान किंचित वाकडी, चेहऱ्यावर प्रार्थनेतली एकाग्रता. दार उघडून ती म्हणाली, "बाबा, मी काहीच लावलं नव्हतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "सवय आहे गं. देव बोलतो, असं लोकांना इतकी वर्षं सांगत आलो. मला एकदाही काही ऐकू आलेलं नाही."

हे मलाच का सांगताय, एवढंच तिने विचारलं.

"तुझं काही मोडणार नाही म्हणून."

त्यानंतर सात आठवड्यांनी दुपारच्या झोपेत ते गेले. उशाशी सूनच होती. भेटायला येणारा प्रत्येक जण तिला आडून आडून विचारायचा, शेवटी काय म्हणाले? एका बेकरीवाल्याने तर तिचे हातच धरले. मुलगी गेल्यावर केवळ त्यांच्या शब्दांवर आपण उभे राहिलो, असं तो सांगत होता. जी बाई देवाच्या बाबतीत कधी खोटं बोलली नव्हती, ती म्हणाली, "प्रार्थना करत होते." मग सगळ्यांनाच तेच सांगावं लागलं. सांगता सांगता तिला त्यांचे हलणारे ओठ दिसायला लागले.

कामावरही तिचं चित्त लागेना. काचेच्या खोलीतली शांतता तिला कधी जाणवलीही नव्हती. आता आत पाऊल टाकलं की वाटायचं, कोणीतरी बोलता बोलता नुकतंच थांबलंय.

महिनाभराने सासू-सून कपाट आवरायला बसल्या. सुनेला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. सासू रडेल, चिडेल, असं तिला वाटलं होतं. सासूने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली.

"रोज सकाळी आतल्या खोलीत बसून ते विचारायचे, 'आहेस ना?' मी स्वयंपाकघरात असायचे, भिंतीपलीकडे. वर्षानुवर्षं ऐकलं. एकदा पोटात तुटलं, आणि मी हळूच म्हटलं, 'आहे.' ते गप्प झाले. पुन्हा कधी विचारलं नाही." तिने घडी बाजूला ठेवली. "माझा आवाज ओळखला असेल का गं त्यांनी?"

एकदाही काही ऐकू आलं नाही, असं ते म्हणाले होते. ते 'आहे' त्यांच्यापर्यंत पोचलंच नसेल, किंवा तो आवाज कुणाचा, हे त्यांना पुरतं कळलं असेल.

"नाही, आई," सून म्हणाली. सासूने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि पुढचा शर्ट घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून चहा ठेवत होती. भिंतीपलीकडून सासूचा दबका आवाज आला, "आहेस ना?"

देवाला विचारलं, की गेलेल्या माणसाला, कळायला मार्ग नव्हता. सुनेने गॅस बंद केला. तिथून निघून जावं, असं तिला फार वाटलं, पण पाऊल वाजलं असतं. ओठ घट्ट मिटून ती ओट्याला टेकून उभी राहिली, सासूची प्रार्थना संपेपर्यंत.