बोरीपाड्याचा साबण

पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करते म्हटलं की आमच्या कॉलनीतल्या बायका मला गुडघा दाखवतात. मी डॉक्टर नाही, हे दोन वर्षं सांगून माझं तोंड दुखलं. एका माणसाला बरं करायचं ते डॉक्टरचं काम आणि अख्खं गाव आजारीच पडू नये हे आमचं, असं मी एकदा पपांना समजावलं. पपा पाटबंधारे खात्यात क्लार्क. ते म्हणाले, "म्हणजे काम केलं तरी दिसणार नाही आणि नाही केलं तरी दिसणार नाही. सरकारी नोकरीला एकदम फिट." आणि विहाराच्या कट्ट्यावर जाऊन त्यांनी सांगूनही टाकलं की जूनमध्ये चैतालीची डिग्री होणार आणि जुलैत जिल्हा आरोग्य विभागातल्या जागेचा इंटरव्ह्यू.

आता मधे राहिला होता फक्त प्रबंध. मला पाड्यांवरच्या पाण्यावर काम करायचं होतं. माझे गाइड शेखर सर म्हणाले, "पाणी हा इंजिनिअरिंगचा विषय. तू हात धुण्यावर कर."

"पण सर, पाण्याशिवाय हात कसे धुणार?"

"ते लिमिटेशन्समध्ये लिही."

लिमिटेशन्स म्हणजे प्रबंधाच्या शेवटचं पान. ते कोणी वाचत नाही, म्हणून सर सगळे अवघड प्रश्न तिथे पाठवतात. फॉर्मही त्यांनीच दिला. बेचाळीस प्रश्नांचा, कुठल्यातरी थंड देशात तयार झालेला. पहिला प्रश्न होता, "आपल्या घरातील हस्तप्रक्षालन सुविधा कोणत्या मजल्यावर आहे?" बोरीपाड्यात एकही जिना नाही, हे मी सांगून पाहिलं. पण फॉर्म व्हॅलिडेटेड, म्हणजे तज्ज्ञांनी तपासून पक्का केलेला होता, त्यामुळे बदलायचा असेल तर पाडाच बदलावा लागला असता.

बोरीपाडा हरसूलच्याही पुढे, डोंगरात. एसटीतून उतरून तासभर चालायचं. तिथली आशा सेविका भागीबाई मला घ्यायला फाट्यापर्यंत आली होती. "किती घरं करायची, मॅडम?" तिनं विचारलं. चाळीस म्हटल्यावर तिनं समजूतदारपणे मान हलवली आणि वाटेत मला जराही बोलू न देता फॉर्ममधले प्रश्न विचारून घेतले. बाई कामाची आहे, असं मला वाटलं.

पहिल्याच घरापासून मी हरखून गेले. हात कधी धुता? शौचानंतर, जेवणाआधी, बाळाला भरवण्याआधी. अगदी याच क्रमानं. किती वेळ? वीस सेकंद. सत्तरीची कुसाबाई, जिच्या घरात घड्याळ नाही, तीही वीस सेकंद म्हणाली. फॉर्ममधला शेवटचा रकाना होता, "साबण प्रत्यक्ष दिसला का?" तर दिसला! प्रत्येक घरात, पत्र्याच्या झाकणावर ठेवलेली गुलाबी वडी. दोन दिवस मी 'होय' लिहीत सुटले. माझ्या डोळ्यांपुढे डिग्री नाचायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र डोकं जरा जाग्यावर आलं. साबणाचा एक कोपरा उंदरानं कुरतडलेला होता. आधीच्या घरातल्या साबणाचाही होता. त्याच्या आधीच्याही. उंदीर एवढा शिस्तीचा कसा? शिवाय सगळ्या वड्यांवरची अक्षरं नवी कोरी, पाणी लागल्याची खूणच नाही. एकोणचाळिसाव्या घरात मी कोणाचं लक्ष नाही असं बघून वडीच्या मागे पेनानं ठिपका काढला. चाळिसाव्या घरात पोचले तर माझा ठिपका माझ्या आधी येऊन बसला होता. आणि मागच्या दारातून कुसाबाई, पदर सावरत, धापा टाकत बाहेर सटकत होती.

"भागीबाई, हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

भागीबाई ओशाळली नाही. "रागावू नका, मॅडम. मागल्या साली अशाच एक मॅडम आल्या व्हत्या. लोकांनी खरं खरं सांगितलं. साबण नाय, पाणी नाय. त्या लय रडल्या, परत आल्याच नाय. आमाला वाटलं, आमच्यापायी नापास झाली पोरगी. परीक्षा तुमची, पन उत्तरं आमच्याकडून घेत्यात ना? मग आमी चुकून कसं चालल?"

त्या चाळीस घरांनी दोन दिवस जीव तोडून मला कॉपी पुरवली होती. मी मटकन ओट्यावर बसले आणि मला रडूच आलं. कुसाबाई घाबरून म्हणाली, "अगं बाई, ही पन रडाया लागली."

मग त्यांनी मला हातपंप दाखवला. दिवाळीपासून बंद. दांडा गायब, आणि तोंडात पाखरानं घरटं केलेलं. बायका पाणी आणायला ओहोळातल्या विहिरीवर उतरतात. पोरांना सारखे जुलाब. या सगळ्यासाठी माझ्या बेचाळीस प्रश्नांमध्ये एकही रकाना नव्हता.

नाशिकला परत आल्यावर सरांनी फॉर्म चाळले आणि त्यांचा चेहरा उजळला. "चाळीसपैकी चाळीस! एक्सलंट! आदर्श पाडा म्हणून कॉन्फरन्सला पाठवू."

मी साबणाची हकीकत सांगितली. सरांनी फॉर्मचा गठ्ठा नीट जुळवून ठेवला. मग म्हणाले, "साबण दिसला की नाही तुला? तू खोटं काहीच लिहिलेलं नाहीस. बाकीचं लिमिटेशन्समध्ये टाक. नाहीतर डेटा बाद, आणि सहा महिने एक्सटेन्शन. विचार कर."

विचार केला. खोटं कशाला बोलू, सर म्हणतात तसंच लिहून प्रबंधावर सही करायची, असं दोन दिवस मी ठरवलंही होतं. पण ज्या पाड्याचे सगळे हात स्वच्छ, त्याच्या पंपाकडे कोण बघणार? आदर्श पाड्याला दुरुस्तीच्या यादीत शेवटचा नंबर. त्यांनी मला पास करायला धडपड केली आणि मी त्यांना माझ्या हातानं नापास करणार होते. मला माझी लाज वाटली. मी निकालाच्या प्रकरणात, पहिल्याच पानावर लिहिलं: चाळीस घरांत मिळून एक साबण, पंप बंद, उत्तरं पाठ.

एक्सटेन्शन मिळालं. जुलैचा इंटरव्ह्यू गेला. पपा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, कट्ट्यावरही गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात डबा देऊन म्हणाले, "हरसूलची एसटी सव्वासातला आहे."

या वेळी फॉर्म माझा होता. सरांनी सही केली, पण खाली पेन्सिलनं 'नॉट व्हॅलिडेटेड' लिहायला विसरले नाहीत.

फाट्यावर भागीबाई होती, पण माझी नजर चुकवत पुढे चालत होती. पाड्यावर गेले तर सगळे चावडीपुढे जमलेले, माना खाली घालून. मी नापास झाल्याची बातमी माझ्या आधी पोचली होती. कुसाबाईनं पुढे येऊन माझा हात धरला.

"चूक आमची झाली, पोरी. एक साबन चाळीस घरांना पुरवला, तिथंच फसलो. म्या म्हातारी, पळायला कमी पडले."

मग ती मला घरात घेऊन गेली. झाकणावर नवा साबण, वेष्टनासकट. शेजारच्या घरात नवा साबण. त्याच्या पुढच्या घरातही. हरसूलच्या बाजारातून घरटी एक आणला होता. वाटेत पंप दिसला. दांडा अजून नव्हता, घरट्यातली पिल्लं मात्र उडून गेली होती.

"आता लिही," कुसाबाई म्हणाली. "या वक्ताला कोनी चुकायचं नाय."

मी नवा फॉर्म काढला, एकच पान, आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, पाणी कुठून आणता?"

कुसाबाईनं भागीबाईकडे पाहिलं. भागीबाईनं खांदे उडवले, हा प्रश्न तिच्याही ओळखीचा नव्हता. मग म्हातारी माझ्या कानाशी वाकली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"याचं बरोबर उत्तर कोनतं, बाई? तेवढं सांग, म्हंजे समद्यांना सांगून येते."