अण्णांची कुजबुज

थोरलीला आठवड्यातून एकच सुट्टी मिळायची. बाकीचे सहा दिवस ती चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायची, फ्रेमचे बारीक स्क्रू पिळायची आणि ‘कालच घेतला, आज मोडला’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायची. सुट्टीच्या दिवशी तिला फक्त झोपायचं असायचं. पण आदल्या आठवड्यात ती माहेरी डोकावली, तेव्हा आईने तिच्या पुढ्यात दोन तिकिटं ठेवली.

“डोंगरातलं जुनं गाव आहे. सकाळी बसने नेतात, संध्याकाळी आणून सोडतात, सोबत माहिती सांगायला गाईड असतो. या तुझ्या अण्णांना घेऊन जा.”

“आणि तू?”

“मी घरी राहणार. एक दिवस मला कुणी काही न शिकवता भाजी चिरायची आहे.”

थोरलीने तिकिटं पर्समध्ये टाकली. अण्णा अडतीस वर्षं गवंडीकाम करून घरी बसले, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. काम सुटलं, पण नजर सुटली नाही. शेजाऱ्याच्या कठड्यापासून आईच्या पोळीपर्यंत त्यांना सगळं वाकडं दिसायचं, आणि दिसलं की सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. त्यात काँक्रीट कालवायच्या यंत्राशेजारी उभं राहून राहून त्यांचा डावा कान गेला होता. त्यामुळे आपण कानात बोलतोय असं त्यांना वाटायचं, तेव्हा ते चार घरांपलीकडे ऐकू जायचं.

बस साडेसहाला सुटायची होती. अण्णा पावणेसहालाच जाऊन पहिल्या सीटवर बसले.

“अण्णा, आपली सतरा आणि अठरा नंबरची सीट आहे.”

“मागं धक्के बसतात.”

“ज्यांची ही सीट आहे त्यांना बसू देत धक्के, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“ते तरुण असतील.”

ते तरुण नव्हते. ते एक निवृत्त मास्तर होते, हातात वही, कानावर पेन्सिल. त्यांनी तिकीट दाखवलं, अण्णांनी त्यांना सतरा नंबर कसा चांगला आहे हे समजावलं, आणि अखेर थोरलीने बापाला दंडाला धरून उठवलं. सूर्य नीट वर आला नव्हता आणि तिची एकदा माफी मागून झाली होती.

गाईड म्हणजे तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी होती. गळ्यात लाल रुमाल, पायात नवे बूट आणि हातात कार्डांचा गठ्ठा. तिने सगळ्यांना गळ्यात अडकवायच्या छोट्या डब्या आणि कानात घालायच्या इअरफोनच्या गुंड्या वाटल्या. ती माइकमध्ये बोलणार, ते प्रत्येकाच्या कानात ऐकू येणार.

“मला नको,” अण्णा म्हणाले. “मला ऐकू येतं.”

“अण्णा, घाला.”

त्यांनी घातली. डाव्या कानात.

डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली. पुढचं गाव पायऱ्यांचंच होतं. घरावर घर, गल्लीवर गल्ली, सगळं उतरंडीसारखं रचलेलं. वेशीच्या दरवाजापाशी गाईडने पहिलं कार्ड काढलं आणि पाठ केलेल्या सुरात सांगितलं, “हा भव्य दरवाजा सहाशे वर्षं जसाच्या तसा उभा आहे.”

अण्णा थोरलीच्या कानाशी लागले. “कमान जुनी आहे. वरचं सगळं माझ्याहून लहान. सिमेंट दिसतंय की.”

सगळ्या घोळक्याने मान वर करून पाहिलं. सिमेंट दिसत होतं. दोघंतिघं हसले. गाईडही हसली, पण तिने पुढचं कार्ड जरा घाईने काढलं.

दुसरा थांबा एका न्यायाधीशाच्या जुन्या घराचा. घराच्या मागच्या भिंतीत, जमिनीलगत एक दगडी भोक होतं. गाईडचा आवाज हळवा झाला. “याच गुप्त दारातून न्यायाधीशाची मुलगी रोज रात्री तिच्या प्रियकराला भेटायला जायची. एका रात्री वडिलांना कळलं, आणि...”

“मोरी आहे ती,” अण्णा कुजबुजले. “सांडपाण्याची. उतार बघ ना. मांजर जाईल त्यातून, मुलगी कशी जाईल?”

या वेळी सगळेच हसले. एका बाईने खाली बसून त्या भोकात हात घालून पाहिला आणि तो कोपरापर्यंतच गेला. मास्तरांना मात्र ते सहन झालं नाही. “अहो, त्या काळी माणसं लहानखुरी असायची,” ते म्हणाले. “एवढी?” असं म्हणून अण्णांनी दोन्ही हातांनी मांजराएवढं अंतर दाखवलं. गाईड कार्डावरची पुढची ओळ शोधत राहिली आणि मुलीचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं.

थोरलीने बापाला बाजूला घेतलं. “अण्णा, आता एक शब्द बोलायचा नाही. शपथ आहे माझी.”

“मी तुझ्याशीच बोलतोय.”

“माझ्याशीही नाही.”

अण्णा गप्प बसले. थोरलीने घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं ते खरंच गप्प होते. मग वरच्या चौकात पोचल्यावर गाईड म्हणाली, “आपण आत्ता दोनशे बारा पायऱ्या चढून आलो,” आणि अण्णा आभाळाकडे बघत म्हणाले, “दोनशे नऊ.” थोरलीने डोळे मिटून घेतले. शेजारी मास्तरांनी वहीत आधी एक आकडा लिहिला, मग खोडला, मग तिच्याकडे असं पाहिलं की जणू पायऱ्या तिनेच चोरल्या होत्या.

दुपारी जेवायला एका गच्चीवरच्या खाणावळीत थांबले. थोरली हात धुवायला आत गेली, तर गाईड बेसिनपाशी तोंडावर पाणी मारत होती. डोळे लाल झाले होते.

“ताई, एक विचारू?” ती म्हणाली. “तुमच्यासोबतच्या काकांना आमच्या मालकांनी पाठवलंय का? परीक्षा घ्यायला?”

“काय?”

“ही माझी तिसरीच फेरी आहे. मागच्या वेळी दोन तक्रारी गेल्या. मालक म्हणाले, अजून एक आली तर पुढच्या आठवड्यापासून येऊ नकोस. मला वाटलं, काका तपासनीस आहेत.”

“ते गवंडी आहेत,” थोरली म्हणाली. “माझे वडील आहेत. त्यांना कुणी पाठवलेलं नाही. माझ्या आईने घालवलंय.”

मुलगी हसता हसता पुन्हा रडायला लागली. “ते दार नाही हे मलाही दिसतं हो. पण कार्डावर तेच लिहिलंय. कार्डं मालकांनी लिहिली आहेत.”

थोरली तशीच ओल्या हातांनी गच्चीवर आली. अण्णा शांतपणे उकडलेलं अंडं सोलत होते.

“झालं समाधान?”

“कशाचं?”

“ती पोरगी आत रडतेय. तुमच्यामुळे. तिची नोकरी जायची वेळ आलीये.”

अण्णांचा हात थांबला. “मी काय केलं? मी खोटं बोललो का?”

“नाही! खरंच बोललात! सकाळपासून खरंच बोलताय! आम्ही लहान होतो तेव्हापासून खरंच बोलताय! माझ्या लग्नात मांडवाचा खांब तिरका आहे हेही खरंच होतं, पण ते सासऱ्यांना सांगायची काय गरज होती?”

शेजारच्या टेबलावरची माणसं जेवायची थांबली. आपण बापापेक्षा मोठ्याने ओरडलो हे थोरलीच्या लक्षात आलं आणि तिला अजूनच संताप आला.

“मी तर तुझ्या कानात सांगत होतो,” अण्णा म्हणाले. ते खरंच गोंधळले होते. “तिला ऐकू गेलं?”

“अण्णा, पायथ्याला ड्रायव्हरलासुद्धा ऐकू गेलं.”

त्यांनी सोललेलं अंडं तसंच कागदात गुंडाळून ठेवलं.

जेवणानंतर घोळका वरच्या गावाला तोलून धरणाऱ्या मोठ्या भिंतीखाली आला. पाच मजल्यांएवढी उंच, काळ्या दगडाची, आणि तिच्या माथ्यावर घरं. गाईडने कार्ड काढलं, पाहिलं आणि परत खिशात घातलं. तिचा चेहरा आता कोरडा होता.

“या भिंतीबद्दल माझ्याकडे दोनच ओळी आहेत,” ती म्हणाली. “पण आपल्यात एक गवंडीकाका आहेत. त्यांनी अशी कामं आयुष्यभर केली आहेत. काका, तुम्हीच सांगा.” आणि तिने माइक अण्णांच्या हातात दिला.

सूड घेतेय, थोरलीच्या मनात आलं. आणि बरोबरच आहे तिचं.

अण्णांनी माइक तोंडाजवळ धरला. अठ्ठावीस माणसांच्या कानात त्यांचा श्वास घरघरला.

“हं,” ते म्हणाले.

सगळे वाट पाहत राहिले.

“ही... भिंत आहे.”

“ते दिसतंय,” मास्तर म्हणाले आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं, मग खाली बुटांकडे. सकाळपासून तोंड बंद न ठेवणारा माणूस, आणि आता त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

सबंध दिवस थोरलीने हेच तर मागितलं होतं. पण आता मिळालं तेव्हा ते तिला बघवेना. चीड तशीच होती, फक्त आता ती कुणावर काढावी हे कळेना. मास्तरांवर, त्या फिसकन हसणाऱ्यावर, गाईडवर, की एवढा उंच माणूस असा पोक काढून उभा राहिला म्हणून त्याच्यावरच? ती घोळक्यातून पुढे घुसली आणि बापाच्या उजव्या कानाशी गेली.

“अण्णा, ही पडत कशी नाही?”

“काय?”

“वर एवढी घरं आहेत, मागे डोंगर आहे. मग ही पडत कशी नाही?”

अण्णा तिच्याकडे वळले. माइक हातात आहे हे ते विसरले.

“अगं, ती सरळ उभी नाहीच. नीट बघ, प्रत्येक थर अर्धं बोट मागे घेतलाय. डोंगराला टेकून बसलीये ती, माणूस पाठ टेकून बसतो तशी. आणि ही भोकं दिसतात? वाटतं, दगड पडले असतील. पडले नाहीत, सोडलेत. डोंगर भिंत पाडत नाही, आत साठलेलं पाणी पाडतं. ज्याने ही बांधली त्याने आधी पाण्याला वाट दिली.”

ते चालू लागले. मागोमाग सगळा घोळकाही निघाला. एका ठिकाणी कुणीतरी भोकं सिमेंटने लिंपून टाकली होती. “हे बघा, कुणाला तरी नीटनेटकं हवं होतं.” तिथे भिंत पोटासारखी फुगली होती. लोकांनी हात लावून पाहिलं, दगड ओला लागला. आणखी पुढे अण्णांनी छिन्नीच्या खुणांवरून बोट फिरवलं. इथपर्यंतच्या सगळ्या रेघा उजवीकडे कललेल्या होत्या, इथून पुढच्या डावीकडे.

“हा दुसरा माणूस. डावखुरा होता. पहिल्याचं काम संपलं, किंवा तोच संपला, आणि याने सुरुवात केली.”

कुणीच हसलं नाही. मांजराच्या मोरीत हात घालणाऱ्या बाईने त्या रेघांवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. गाईडने कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहायला सुरुवात केली.

इथे सगळं छान संपायला हवं होतं. पण अण्णा थांबेचनात. चुना किती दिवस भिजत घालायचा, त्यात वाळू कुठली घ्यायची, आजकालची पोरं कशी घाई करतात, एकदा एका ठेकेदाराने त्यांना कसं फसवलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मास्तर म्हणाले, “अजून संग्रहालय बघायचंय, ते चारला बंद होतं.” गाईड म्हणाली, “काका, आता आपण...” अण्णांनी माइक दुसऱ्या हातात घेतला आणि पाया या विषयाला हात घातला. पायथ्यावरून ड्रायव्हरने तीनदा फोन केला. अखेर थोरलीने बापाच्या मुठीतून माइक अक्षरशः उपटून काढला.

संग्रहालय बंद झालं होतं. दारावर कुलूप होतं आणि मास्तर त्या कुलपाकडे बघत उभे होते.

बसमध्ये चढण्याआधी अण्णा गाईडपाशी जाऊन थांबले. थोरली पुन्हा त्यांचा दंड धरायला पुढे झाली.

“पोरी, सकाळी तुला ऐकू जातंय हे मला ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले. “ऐकू गेलं ते चुकलं.” मग जरा थांबून म्हणाले, “ती गोष्ट वाईट नाही. फक्त दार दुसरं शोध. वरच्या गल्लीत एक खिडकी आहे, तिच्यातून माणूस जाईल. मी बघून ठेवलीये.”

गाईड आधी हसली, मग तिने कपाळाला हात लावला. “काका, संग्रहालयाचं मी आता मालकांना काय सांगू?”

“सांग, भिंत मोठी होती.”

परतीच्या वाटेवर सतरा नंबरवर अण्णा खिडकीशी बसले होते. थोरलीचे पाय ठणकत होते, डोकं ठणकत होतं, आणि उद्या सकाळी नऊला दुकान उघडायचं होतं.

“मी फार बोललो का?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कधी? जेवणाआधी की नंतर?”

“दोन्ही वेळा.”

त्यांनी मान हलवली, कागदातलं अंडं काढलं, अर्धं तिला दिलं.

मास्तरांनी तक्रार केली, दोन पानी. पण बाकी पंचवीस जणांनी भिंतीबद्दल चांगलं लिहिलं, म्हणून मालकाने मुलीला ठेवून घेतलं. हे थोरलीला कळलं, कारण तिकिटावर तिचाच फोन नंबर होता आणि गाईड आता त्या नंबरवर फोन करते. आठवड्यातून दोनदा, ऐन गर्दीच्या वेळी. कमानीच्या मधल्या दगडाला काय म्हणतात, खांबाला तडा उभा गेला तर काय समजायचं. थोरली समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत असते, फोन खांद्यात धरलेला असतो.

“थांब, विचारून सांगते,” ती म्हणते, आणि संध्याकाळी पायातली चप्पल न काढता आईच्या दारात उभी राहून आतल्या खोलीकडे ओरडते. अण्णा आतून उत्तर देतात. गल्लीत सगळ्यांना ते पाठ झालंय.