तिसऱ्या खंडातला बर्फ

"बाईमाणसानं वाचावं असलं ते सफरींचं पुस्तक नव्हे, अझूबा," चर्चचे कारभारी डीकन प्रॅट म्हणाले. "मी तीनदा वाचलंय. रानटी लोकांची नको ती वर्णनं आहेत."

"तिसऱ्या खंडात माणूसच नाही, डीकन," अझूबा थेयर म्हणाली. "नुसता बर्फ आहे."

खोगिराच्या दुकानामागच्या त्या खोलीत ग्रंथालयाची वार्षिक बैठक भरली होती. एकोणीस वर्षांपूर्वी गावातल्या तीस पुरुषांनी वर्गणी काढून एक कपाटभर पुस्तके आणली. ज्याचा वर्गणीत भाग, त्यालाच पुस्तक, हा नियम. अझूबाचा भाऊ, खोगीरवाला रूएल, ग्रंथपाल झाला तो नावापुरता. परत आलेल्या पुस्तकांतले मेणबत्तीच्या चरबीचे डाग खरवडणे, फाटलेले पान खळीने सांधणे, मेंढीच्या कातड्याचे वेष्टन शिवणे, हे सारे या बिनलग्नाच्या बहिणीच्या बोटांनी केले. मार्चमध्ये रूएल गेला. त्याचा भाग आपल्या नावे व्हावा आणि कपाट इथेच राहावे, एवढेच तिने आज मागितले होते.

"खंड काढा की बाहेर," गिरणीवाले कॅप्टन लूमिस मिस्कीलपणे म्हणाले. "समोर आहे त्याला वाद कशाला?"

त्यांनी पुस्तक उघडले आणि अंगठा अडला. छापखान्यात दुमडलेले, वाचणाऱ्याने सुरीने कापून सुटे करायचे कागद कडांना तसेच जोडलेले होते. पहिल्या आठ पानांपुढे कुणाची सुरी फिरलीच नव्हती.

"डीकन, हे तुम्ही तीनदा वाचलंत?"

खोलीत कुणीतरी खाकरले. अझूबाने मान वर केली. बैठक सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, क्षणभर, सगळ्या नजरा दुसऱ्या कुणावर तरी होत्या.

"मग हिनं तरी कुठून वाचलं?" डीकन शांतपणे म्हणाले. "विचारा तिला."

नजरा परतल्या.

सांगायचे नव्हते तिला. पण खोटे बोलायची सवय नव्हती, आणि आता नवी सवय लावून घ्यायचे वय उरले नव्हते.

"कागद वाकवून. खिडकीशी धरायचं नि घडीच्या आत डोकवायचं. दिसेल तेवढं वाचायचं."

"आणि न दिसेल ते?"

"ते मनानं."

कुणी हसले. ते हसू सुटका झाल्याचे होते.

"म्हणजे चोरून," डीकन म्हणाले. "भाग नसताना, एकोणीस वर्षं."

"कापलं तर नाही ना तिनं," लूमिस पुटपुटले. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांचाही वर गेला. भाग डीकनच्या जावयाला मिळाला, कपाट डीकनच्या दिवाणखान्यात हलवायचे ठरले. पुस्तके नेहमी निष्कलंक परत केल्याबद्दल डीकनचे आभार मानण्यात आले. ते खरेही होते. त्यांच्या पुस्तकांवर चरबीचा थेंब तिला कधी सापडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लूमिसांची गाडी दारात लागली. पुस्तके चढत गेली. रिकाम्या फळ्यांवर कातड्याचा आणि खळीचा वास तेवढा उरला.

"झालं का, अझूबा? घोडा ऐकत नाहीये."

"एक खंड राहिलाय, कॅप्टन."

ती रूएलच्या बाकावर बसली होती. त्याची कातडे कापायची अर्धचंद्राकृती सुरी तिने घडीत घातली आणि हलकेच ओढली. मग पुढची घडी. जिथे खिडकीचा उजेड कधी पोचला नव्हता ती पाने एकेक करून उघडत गेली. एका पानावर तिने इतकी वर्षे मनाने पांढरे पक्षी उडवले होते. तिथे वाऱ्याच्या दिशांचा तक्ता निघाला. तोही तिने वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

मग उठून पुस्तक लूमिसांच्या हातात दिले.

"डीकनना सांगा, आता वाचता येईल."

लूमिसांनी पुस्तक गाडीत ठेवले. गाडी वळणाआड गेली. कापलेल्या कडांचा बारीक पांढरा भुगा तिच्या काळ्या झग्याच्या चुण्यांत साचला होता. तो न झटकता ती तशीच उभी राहिली.