डोक्याशी पाय

बराकीत बेचाळीस माणसे, एकोणतीस कांबळी, एक माठ आणि दोन डबे होते. जागा अठरा जणांची. एकाहत्तरच्या ऑगस्टमध्ये मी त्या तुरुंगात कारकून म्हणून लागलो तेव्हा कैदी पाळीने झोपत. निम्मे बसून राहत, आणि त्यावरून मारामाऱ्या होत.

मी नुकताच बी.एस्सी. झालेला. साहेबांना विचारून प्रत्येकाची उंची घेतली आणि कागदावर रांग मांडली. उंचाशेजारी बुटका, एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय. सगळे एकदम आडवे झाले. साहेबांनी शाबासकी दिली. माझ्या यादीत नाव, उंची आणि जागा होती. गुन्ह्याचा रकाना नव्हता.

त्या मांडणीत पाथर्डीकडच्या गहिनीनाथला सहादेवशेजारची जागा आली. गहिनीनाथने दुकानातून बाजरीचे एक पोते उचलले होते, म्हणून दोन महिने. सहादेव कुलपे फोडणारा. त्याची चौथी खेप.

"तुझे पाय माझ्या नाकाशी," सहादेव त्याला म्हणे, "एवढी जवळ तर माझी सोयरीकबी न्हाई."

गहिनीनाथची बायको मनकर्णा भेटीला आली, ती जाताना माझ्या टेबलाशी थांबली.

"भाऊसाहेब, ह्यांना त्या सहादेवापासून उठवा. भेटीत सारखं त्याचंच बोलत्यात. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघती. मुकादम जोडी घेतो, एकल्या बाईला न्हाई."

"एकाला हलवलं की सगळी रांग मोडते, बाई. पुन्हा मांडावी लागेल."

"मग मांडा की. तुमी तर शिकलेले."

मी मांडली नाही. पुढच्या आठवड्यात गहिनीनाथला ताप भरला. सहादेवने त्याला आपले कांबळे दिले, आपली जागाही दिली, आणि चार दिवस भिंतीला टेकून बसून काढले.

दोघे एकाच आठवड्यात सुटले. दिवाळीनंतर पोलिसांनी गहिनीनाथला परत आणले. श्रीरामपूरच्या एका गोदामाचे कुलूप फोडताना तो सापडला होता. सहादेव पळाला होता.

"का गेलास?" मी विचारले.

"त्यो घरी आला. एक डाव संगं चल म्हनला." तो खाली बघत होता. "तापात त्यानं मला निजू दिलं हुतं, भाऊसाहेब. न्हाई कसं म्हनू?"

"आणि टोळी?"

"परवा गेली. बायकू कोयता घेऊन ट्रकमधी बसली हुती म्हनं. मुकादमानं उतरवलं."

मी रजिस्टर उघडून आधीची तारीख काढली. सुटकेपासून पुन्हा दाखल होईपर्यंत एकोणीस दिवस.